साबण, उटणं, मेणबत्त्या विकताना जबाबदारीचा विमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आधी दोन महिने माझ्या फोनवर हेच प्रश्न येतात. कुणी ठक्कर डोमला स्टॉल घेतलेला असतो, कुणी इंदिरानगरला घरून साबण करते, कुणाला देवळालीच्या रिसॉर्टची पहिली मोठी ऑर्डर आलेली असते. मी नाशिकमध्ये बरीच वर्षं साबण आणि मेणबत्त्या करते. विमा विकत नाही, कुठल्या कंपनीकडून कमिशन घेत नाही. तेच तेच प्रश्न परत परत आले म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

१. हा विमा म्हणजे नेमकं काय? माझ्या मालाचा विमा आहे, तो पुरत नाही का?

मालाचा विमा तुमच्या नुकसानीसाठी असतो. गोदामात पाणी शिरलं, मेण वितळून गेलं, चोरी झाली, तर तो कामाला येतो. इथे प्रश्न दुसऱ्याच्या नुकसानीचा आहे. तुमची साबणाची वडी वापरून कुणाच्या अंगावर फोड आले किंवा तुमच्या मेणबत्तीची काच तडकून कुणाच्या टेबलाने पेट घेतला आणि त्यांनी भरपाई मागितली, तर कायद्याने द्यावी लागणारी रक्कम आणि वकिलाचा खर्च विमा कंपनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत देते. मराठीत याला उत्पादन दायित्व विमा म्हणतात. एजंटला मात्र ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’ असंच सांगा, नाहीतर तो दुकानाची पॉलिसी पुढे करतो.

२. मी महिन्याला पन्नास-साठ वड्या विकते, त्याही ओळखीत. माझ्यावर कोण केस करणार?

ओळखीतले लोक सहसा करत नाहीत. पण ओळखीतली बाई ती वडी भाऊबिजेला नणंदेला देते, आणि नणंद तुम्हाला ओळखत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. लहान उत्पादक आणि मोठा कारखाना असा भेद त्यात नाही. वस्तूसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी लागत नाही, वकीलही लागत नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करू शकतो. म्हणजे कुरिअरने नागपूरला पाठवलेल्या १२० रुपयांच्या वडीसाठी तुम्हाला नागपूरला जावं लागू शकतं. मुदत दोन वर्षांची आहे. दिवाळीला विकलेली वस्तू पुढच्या दिवाळीपर्यंत विसरून जाता येत नाही.

भेट म्हणून मिळालेली वस्तू वापरणाराही ग्राहकच ठरतो. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वापरणारा माणूस कायद्याने ‘ग्राहक’ या व्याख्येत घेतला आहे.

३. पण माझी काही चूकच नसेल तर?

कायदा ‘चूक’ या एका शब्दावर थांबत नाही. कलम ८४ उत्पादकाला पाच कारणांनी जबाबदार धरतं. करताना दोष राहिला, मुळात रचनाच सदोष होती, ठरलेल्या प्रमाणापेक्षा माल वेगळा निघाला, दिलेल्या हमीप्रमाणे वस्तू निघाली नाही, किंवा वापराच्या पुरेशा सूचना आणि धोक्याचे इशारे दिले नाहीत.

आपल्या धंद्यात याचा अर्थ फार सरळ आहे. साबण करताना खोबरेल तेलाला किलोमागे साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, ज्याने तेलाचा साबण होतो) लागतं, एरंडेलाला १२८ च्या आसपास. खोबरेल संपलं म्हणून त्यातलं थोडं एरंडेल वाढवलं आणि कॉस्टिकचा हिशेब तोच ठेवला, तर जास्तीचं कॉस्टिक वडीत तसंच राहतं. वरून वडी देखणी दिसते आणि अंगाला लागली की आग होते. हा झाला करताना राहिलेला दोष. करवंटीत ओतलेली मेणबत्ती दिसते सुंदर, पण वात कडेला गेली की करवंटीच पेटते. तो रचनेचा दोष.

हमीच्या बाबतीत कायदा फार कडक आहे. तुम्ही स्पष्ट हमी दिली असेल, तर ती देताना निष्काळजीपणा नव्हता, फसवायचा हेतू नव्हता, हे सिद्ध केलं तरी जबाबदारी सुटत नाही. म्हणून ‘१०० टक्के नैसर्गिक, कोणत्याही त्वचेला चालणारा’ हे वाक्य लेबलवरून आजच काढा. दालचिनीचं तेल नैसर्गिकच आहे आणि ते कातडीला झोंबतं.

दुसऱ्या बाजूने तुम्हालाही आधार आहे. ग्राहकाने वस्तूचा गैरवापर केला, तिच्यात फेरफार केला, तर कलम ८७ मदतीला येतं. सगळ्यांना ठाऊक असलेल्या उघड धोक्याचा इशारा दिला नाही म्हणूनही दोष लागत नाही. ज्योतीने भाजतं, हे सांगायची गरज नाही. पण मेण तळाशी येईपर्यंत जाळलं तर काच तडकू शकते, हे सगळ्यांना माहीत नसतं. ते लिहा.

४. हा विमा सक्तीचा आहे का?

नाही. १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा सक्तीचा आहे, पण तो ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त धोकादायक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी. कॉस्टिकचे दोन डबे ठेवणाऱ्या बाईसाठी तो नाही. नावं सारखी असल्यामुळे गोंधळ होतो.

५. प्रॉडक्ट लायबिलिटी, पब्लिक लायबिलिटी आणि सीजीएल यांतलं मला काय हवं?

वस्तू तुमच्या हातून गेल्यावर जे घडतं ते प्रॉडक्ट लायबिलिटीत येतं. तुमच्या जागेत किंवा स्टॉलवर जे घडतं ते पब्लिक लायबिलिटीत. सीजीएल, म्हणजे कमर्शियल जनरल लायबिलिटी, या पॉलिसीत साधारणपणे दोन्ही असतं.

प्रदर्शनात टेबलाचा पाय घसरून काचेच्या बरण्या एखाद्या लहान मुलाच्या पायावर पडल्या, तर प्रॉडक्ट लायबिलिटी उपयोगाची नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटीत किंवा त्र्यंबकेश्वरला स्टॉल लावण्याची तयारी करणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं. माझं मत विचाराल तर, वर्षातून तीन-चार प्रदर्शनं करत असाल तर दोन्ही असलेली पॉलिसी घ्या. फक्त ऑनलाइन आणि दुकानांना माल देत असाल तर प्रॉडक्ट लायबिलिटी पुरे.

६. पॉलिसीवर ‘१:१’, ‘१:२’ असं लिहिलंय. ते काय?

एका घटनेसाठी कंपनी किती देईल आणि वर्षभरात मिळून किती देईल, याचं ते प्रमाण आहे. एका घटनेला १० लाख आणि प्रमाण १:१ असेल, तर वर्षाचीही मर्यादा १० लाखच. १:२ असेल तर वर्षभरात २० लाख, पण कुठल्याही एका घटनेला १० लाखांच्या वर नाही. वकिलाचा खर्चही बहुतेक पॉलिसींत याच मर्यादेतून वजा होतो, हे विचारून घ्या.

नुसता साबण करणारीपेक्षा मेणबत्त्या करणारीने मर्यादा मोठी घ्यावी. साबणाने त्रास झाला तर एका माणसाला होतो. मेणबत्तीने एक फ्लॅट पेटला तर वरचा आणि शेजारचाही धोक्यात येतो.

७. हप्ता किती पडतो?

तो उलाढाल, माल, मर्यादा आणि माल कुठल्या प्रदेशात जातो यावर ठरतो, म्हणून दुसरीच्या हप्त्यावरून आपला अंदाज बांधू नका. वर्षाची अंदाजे विक्री आधी सांगायची असते. प्रत्यक्ष विक्री वाढली तर फरकाची रक्कम भरावी लागते. जीएसटी १८ टक्के लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जी माफी मिळाली ती वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याला, याला नाही. प्रत्येक दाव्यात पहिली ठरावीक रक्कम तुम्हाला सोसावी लागते, तिला ‘एक्सेस’ म्हणतात. हप्ता कमी दिसला की एक्सेस किती आहे ते आधी बघा.

न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्या आहेत, खासगीही बऱ्याच आहेत. किमान तिघांकडून लेखी कोटेशन घ्या. एजंट ‘इतक्या छोट्या धंद्याला मिळत नाही’ म्हणाला, तर तो विभाग हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला शाखेत जाऊन भेटा. मलाही दोनदा असंच सांगितलं गेलं होतं आणि तिसऱ्या ठिकाणी पॉलिसी मिळाली.

८. माझ्या साबणाला एफडीएचा परवाना नाही. तरी विमा मिळेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. म्हणून सविस्तर.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० प्रमाणे अंगाला लावायची, चोळायची, स्वच्छतेसाठी किंवा सुंदर दिसण्यासाठी वापरायची वस्तू म्हणजे सौंदर्यप्रसाधन. अंगाचा साबण, उटणं, स्क्रब, बाथ बॉम्ब सगळं त्यात येतं. ते विक्रीसाठी बनवायला परवाना लागतो. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० खाली तो राज्याचं अन्न व औषध प्रशासन, म्हणजेच एफडीए, देतं. अर्ज सीओएस-५ या फॉर्ममध्ये करायचा, परवाना सीओएस-८ या फॉर्ममध्ये मिळतो. जागा राहत्या घराला जोडलेली चालत नाही. म्हणजे स्वयंपाकघरात केलेला साबण कितीही चांगला असला तरी या चौकटीत बसत नाही. ऐकायला कठोर वाटतं, पण माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी हे पहिल्यांदा सांगते.

आता विमा. काही कंपन्या परवान्याची प्रत मागतात आणि नसेल तर नाही म्हणतात. काही मागत नाहीत, हप्ता घेऊन पॉलिसी देतात. खरा धोका या दुसऱ्या प्रकारात आहे. दावा आला की सगळे कागद तपासले जातात, आणि ‘विमाधारकाने लागू कायद्यांचं पालन करावं’ अशी अट पॉलिसीत असेल तर कंपनी तिच्यावर बोट ठेवते. पाच वर्षं हप्ते भरून ऐन वेळी हात रिकामे. परवान्याशिवाय घेतलेल्या पॉलिसीच्या भरवशावर मी कुणालाही झोपू देणार नाही.

मग करायचं काय? एक मार्ग म्हणजे सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत छोटा गाळा, एकटीने किंवा दोघी-तिघींनी मिळून. दुसरा म्हणजे लोन लायसन्स. आधीच परवाना असलेल्या कारखान्यात, त्यांच्या जागेत, तुम्ही तुमच्या नावाने माल करून घ्यायचा. त्याचा अर्ज सीओएस-६ मध्ये. सुरुवातीला हा मार्ग बऱ्याच जणींना झेपतो. तिसरा मार्ग मी स्वतः दोन वर्षं वापरला. परवाना येईपर्यंत साबण बंद आणि फक्त मेणबत्त्या चालू. त्या काळात साबणाच्या ऑर्डरी परत पाठवताना जीव तुटायचा, पण आज वाटतं ते बरं केलं.

९. मी कॉस्टिक हाताळतच नाही. साबणाचा तयार बेस वितळवून साच्यात ओतते. मग परवाना कशाला?

सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यातल्या ‘उत्पादन’ या शब्दात विक्रीसाठी बदल करणं, सजवणं, पॅक करणं, लेबल लावणं हेही आहे. तुम्ही बेसमध्ये रंग-सुगंध घालून त्याला नवा आकार देता, म्हणजे उत्पादकच आहात. पुढचं प्रश्न ८ प्रमाणे.

१०. लेबलवर ‘खाज, इसब, मुरुमांवर गुणकारी’ लिहिलं तर विम्यावर परिणाम होतो का?

होतो, आणि विम्याच्या आधी कायद्यावर होतो. रोग बरा करतो असा दावा केला की तुमची वडी औषध ठरते आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो. काही रोगांच्या जाहिरातींवर तर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदीच आहे. विमा कंपनीला तुम्ही ‘साबण’ सांगितलेला असतो. लेबलवर औषध निघालं तर ती म्हणणारच की आम्ही याचा विमा केलाच नव्हता.

कडुलिंबाचा साबण विका, फक्त ‘कडुलिंबाचा साबण’ म्हणून विका. साबणावर बॅच नंबरऐवजी उत्पादनाचा महिना आणि वर्ष चालतं, पण मी दोन्ही छापते. का, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

११. मेणबत्तीला परवाना लागतो का?

साध्या किंवा सुगंधी मेणबत्तीला सौंदर्यप्रसाधनाचा परवाना लागत नाही. पॅकबंद वस्तूंचे वजनमाप नियम, २०११ मात्र लागू आहेत. उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हे सगळं हवंच.

दोन अपवाद लक्षात ठेवा. मसाज कँडल, म्हणजे वितळलेलं मेण अंगावर ओतून चोळायचं, ती अंगाला लागते म्हणून सौंदर्यप्रसाधन होते. आणि सिट्रोनेला घालून ‘डास पळवणारी’ असं लिहिलं, तर कीटकनाशक कायदा, १९६८ चा प्रश्न उभा राहतो. विम्याच्या फॉर्ममध्ये या दोन्ही वेगळ्या नमूद करा. नुसतं ‘मेणबत्त्या’ लिहू नका.

१२. प्रपोजल फॉर्म एजंटच भरतो. मी फक्त सही करते. चालेल ना?

चालणार नाही. विम्याचा करार परम विश्वासावर उभा असतो. विचारलेलं सगळं खरं सांगायची जबाबदारी तुमची, आणि सही तुमची म्हणून उत्तरंही तुमचीच.

माझ्या पहिल्या फॉर्ममध्ये एजंटने व्यवसायाच्या रकान्यात ‘भेटवस्तू विक्री’ असं लिहिलं होतं. त्याने हप्ता कमी पडतो, म्हणाला. मी खाली ‘बनवणं’ हा शब्द शोधत होते, तो कुठेच नव्हता. त्याच कागदावर मी पेनाने ‘साबण व मेणबत्त्यांचं उत्पादन’ असं लिहायला लावलं, तेव्हा हप्ता वाढला. तो वाढीव हप्ता मला कधीच जड वाटला नाही. विक्रेता म्हणून घेतलेल्या पॉलिसीवर उत्पादकाचा दावा कोणी मंजूर करत नाही.

साबण, उटणं, बाथ बॉम्ब, जेल मेणबत्ती, साध्या मेणबत्त्या, जे जे करता त्याची यादी फॉर्मला जोडा. वर्षाच्या मध्ये नवा प्रकार सुरू केलात तर आधी लेखी कळवा, मग विका.

१३. या विम्यात काय मिळत नाही?

खराब निघालेल्या मालाची किंमत मिळत नाही. वडी मऊ पडली, मेणबत्तीला वास आला नाही, ग्राहकाला पैसे परत दिले, हा खर्च तुमचा. ग्राहक कायद्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतही त्या वस्तूचंच झालेलं नुकसान धरलेलं नाही, त्यामुळे दोन्हीकडे रेघ एकाच ठिकाणी आहे.

बाजारातून माल परत बोलावण्याचा खर्च साध्या पॉलिसीत नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. दंड मिळत नाही. दोष आहे हे माहीत असून विकलेल्या मालाचं काही मिळत नाही. तुमच्याकडे कामाला असलेल्या बाईचा हात कॉस्टिकने भाजला तर तेही यात नाही. त्यासाठी कर्मचारी भरपाईची पॉलिसी असते आणि दोन मदतनीस असल्या तरी ती घ्यावी असं मी ठामपणे सांगते. उकळत्या मेणाच्या आणि कॉस्टिकच्या सगळ्यात जवळ त्याच उभ्या असतात.

१४. ग्राहकाचा फोन आला, अंगावर पुरळ आलंय म्हणते. पहिल्यांदा काय करू?

तिची विचारपूस करा. वापर थांबवायला सांगा, डॉक्टरांना दाखवायला सांगा, वडी आणि वेष्टन फेकू नका म्हणून सांगा. ‘आमचीच चूक झाली, सगळा खर्च देते’ असं मात्र लिहू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबातच नाही. त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेलने कळवा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी मान्य केली किंवा पैसे दिले तर दावा नाकारता येतो, अशी अट जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत असते.

ही अट मी पैसे मोजून शिकले. गंगापूर रोडच्या एका ताईंच्या घरी माझी काचेच्या ग्लासातली मेणबत्ती पंख्याखाली जळत होती. वात एका बाजूला कलली, ज्योत काचेला लागून राहिली, आणि ‘टक्’ असा आवाज होऊन ग्लास तळापासून उभा तडकला. मेण शिसवी टीपॉयवर पसरलं. मी संध्याकाळी गेले तेव्हा त्यांनी ते खरवडून काढलं होतं, पण पॉलिश उडून तळहाताएवढा पांढरा डाग राहिला होता, आणि त्याच्या कडेला काळी रेघ. मला इतकं वाईट वाटलं की तिथल्या तिथे सुताराचे पैसे देऊन आले. चार दिवसांनी विमा कंपनीला सांगितलं. त्यांनी दावा नाकारला आणि नियमाने ते बरोबर होतं. पैसे दिल्याचा मला पस्तावा नाही. आधी एक फोन केला असता तर ताईंचंही काम झालं असतं आणि माझंही.

त्यानंतर लावलेली सवय सांगते. प्रत्येक घाण्यातल्या दोन वड्या आणि प्रत्येक लॉटमधली एक मेणबत्ती तारीख घालून बुटाच्या खोक्यात दोन वर्षं ठेवते. वहीत तेलाचं वजन, कॉस्टिकचं वजन, सुगंधी तेलाचं प्रमाण, ते कुणाकडून कुठल्या बिलावर आलं, आणि वडी किती आठवडे वाळवली हे लिहिते. पूर्वी वाळवायला चार आठवडे द्यायचे, आता सहा देते. एखादी तक्रार आली की मालावरचा बॅच नंबर वहीशी जुळवता येतो, आणि त्याच घाण्यातली वडी तपासायला देता येते. ही वही नसेल तर विमा कंपनीचा वकीलही तुमच्या बाजूने फार काही बोलू शकत नाही.

१५. घरी काम करते. घराचा विमा आहे. मेण पेटलं तर तो चालेल का?

घराचा विमा राहत्या घरासाठी असतो. तिथे धंदा चालतो हे कळवलं नसेल तर वाद होणार. धंद्याचा माल आणि साहित्य यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी एप्रिल २०२१ पासून आहे. एका ठिकाणी पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला ती चालते. हा तुमच्या मालाचा विमा झाला, शेजाऱ्यांच्या नुकसानीचा नाही. त्यासाठी प्रश्न ५ पाहा. मेण गॅसवर थेट वितळवत असाल तर आजपासून डबल बॉयलर (गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेलं मेणाचं भांडं) वापरा, ही माझी विनंती.

१६. मी साबण शिकवण्याचे वर्ग घेते. कुणाच्या डोळ्यात कॉस्टिक उडालं तर?

हे प्रॉडक्ट लायबिलिटीत येत नाही, कारण तिथे विकलेली वस्तू नाही. पब्लिक लायबिलिटी लागते, आणि फॉर्ममध्ये ‘प्रशिक्षण वर्ग’ असं स्पष्ट लिहावं लागतं. ‘माझ्या जबाबदारीवर येत आहे’ असा सही केलेला कागद घेऊन ठेवा, पण त्याने निष्काळजीपणाची जबाबदारी जात नाही. गॉगल आणि हातमोजे नसतील तर वर्गच घेऊ नका.

१७. रिसॉर्टला खोल्यांसाठी साबण हवेत. त्यांच्या करारात लिहिलंय, ‘सर्व नुकसानीची जबाबदारी पुरवठादाराची’. सही करू का?

आधी करार विमा कंपनीला पाठवा. कायद्याने तुमच्यावर जेवढी जबाबदारी येते तेवढीच पॉलिसी भरते. कराराने अंगावर घेतलेली जास्तीची जबाबदारी बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते. ‘पुरवठादाराच्या उत्पादनातील दोषामुळे झालेले नुकसान’ एवढंच वाक्य ठेवायला सांगा. ओल्या फरशीवर पाहुणा घसरला तर तो साबणाचा दोष नाही. रिसॉर्टने पॉलिसीत आपलं नाव जोडायला सांगितलं तर तशी सोय असते, तिचा हप्ता वेगळा पडतो आणि तो तुमच्या दरात धरा.

१८. मी काहीच बनवत नाही. तयार माल घेऊन माझ्या ब्रँडचं लेबल लावते. मी विक्रेती की उत्पादक?

ग्राहक कायद्याने उत्पादक. दुसऱ्याने केलेल्या वस्तूवर आपली खूण लावणारा ‘उत्पादक’ या व्याख्येत येतो. लेबल न बदलता, मूळ नावानेच विकत असाल तर तुम्ही विक्रेत्या, आणि कलम ८६ प्रमाणे जबाबदारी मर्यादित. पण उत्पादक कोण हे कळलंच नाही तर तीही तुमच्यावर येते. म्हणून पक्कं बिल घ्या. लेबल तुमचं असेल तर मूळ उत्पादकाच्या प्रॉडक्ट लायबिलिटी पॉलिसीची प्रत मागा, आणि तरीही स्वतःची काढा.

१९. आमचा बचत गट आहे. पॉलिसी कुणाच्या नावावर काढायची?

बिल ज्याच्या नावाने निघतं त्याच्या. बिल गटाचं आणि पॉलिसी अध्यक्षांच्या नावावर, असं असेल तर दाव्याच्या वेळी घोळ होतो. लेबल, बिल, बँक खातं, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि पॉलिसी या पाच ठिकाणी एकच नाव हवं, अगदी शुद्धलेखनासकट. सगळ्या सदस्या आपापल्या घरी वेगवेगळा माल करत असतील तर प्रत्येक पत्ता फॉर्ममध्ये लिहा, आणि साबणाच्या बाबतीत प्रश्न ८ सगळ्यांना लागू आहे.

२०. भाचा अमेरिकेला जाताना शंभर मेणबत्त्या नेऊन तिथे विकणार आहे. पॉलिसी चालेल का?

साध्या पॉलिसीची हद्द भारतापुरती असते. परदेशातली विक्री आणि परदेशातल्या कोर्टातला दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही पॉलिसीत लिहून घ्याव्या लागतात. अमेरिका-कॅनडा बहुतेक वेळा मुद्दाम वगळलेले असतात आणि जोडायला बराच जास्त हप्ता लागतो. शंभर मेणबत्त्यांसाठी तो परवडत नाही. नेऊ देऊ नका. नातेवाइकांना भेट म्हणून दोन-चार दिल्या तर गोष्ट वेगळी.

२१. दावा नाकारला. आता कुठे जाऊ?

नाकारण्याचं कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. एकल मालकी आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसी तिथे चालतात, फी नाही, वकील नाही. नाशिकसाठी लोकपाल कार्यालय पुण्याला आहे. मुदत एक वर्षाची. विमा नियामकाचं ‘बिमा भरोसा’ पोर्टल आणि १५५२५५ हा टोल फ्री क्रमांकही आहे. उद्यम नोंदणी अजून केली नसेल तर करून टाका, ती मोफत आहे आणि तुम्ही सूक्ष्म उद्योग असल्याचा तोच पुरावा.

२२. मी धंदा बंद करतेय. पॉलिसीही बंद करू ना?

लगेच नको. या पॉलिसी बहुधा ‘दावा आला तेव्हा’ या तत्त्वावर चालतात. वस्तू कधी विकली यापेक्षा दावा आला त्या दिवशी पॉलिसी चालू होती का, हे बघतात. तुम्ही मार्चमध्ये बंद केलं तरी तुमच्या मेणबत्त्या लोकांच्या कपाटात असतात, लाइट गेले की त्या बाहेर निघतात.

पॉलिसीवर ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट’ छापलेली असते. त्या तारखेनंतरच्या घटनाच धरल्या जातात. दरवर्षी खंड न पाडता नूतनीकरण केलं तर ती पहिल्या वर्षाचीच राहते. एक महिना जरी खंड पडला किंवा कंपनी बदलताना लक्ष दिलं नाही, तर ती पुढे सरकते आणि मागची वर्षं उघडी पडतात. कंपनी बदलताना जुनी तारीख नव्या पॉलिसीवर छापून घ्या. धंदा थांबवताना दावे कळवण्याची वाढीव मुदत मिळते का ते विचारा, नाहीतर कमी उलाढालीवर अजून दोन वर्षं पॉलिसी चालू ठेवा. बुटाच्या खोक्यातले नमुने आणि वही यांनाही तोवर हात लावू नका.